उतरता काटा

परीक्षेच्या दिवशी सकाळी सहाच्या ठोक्याला मी लिलावाच्या हॉलमध्ये एकशे सतरा नंबरच्या खुर्चीवर बसले, तेव्हा माझी बोटं गार पडली होती. शीतगृहात माल बघून आल्यामुळे असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण शीतगृहात तर मी सहा महिने जातच होते.

हॉल नाट्यगृहासारखा होता. पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेल्या खुर्च्या, प्रत्येक खुर्चीपुढे वीतभर टेबल, टेबलावर एक काळं बटण. समोरच्या भिंतीवर दोन पुरुष उंचीची तबकडी, तिच्यावर शंभरापासून एकपर्यंत आकडे आणि एक लाल काटा. खाली रुळांवरून फुलांच्या बादल्यांनी भरलेल्या गाड्या सरकत यायच्या. गाडी समोर आली की काटा शंभरावरून सुटायचा आणि उतरत जायचा. शंभर म्हणजे एका बादलीचा भाव शंभर. जो सर्वांत आधी बटण दाबेल त्याच्यापाशी काटा थांबणार, आणि त्या भावाने तो अख्खा लॉट त्याचा. घासाघीस नाही, ‘अहो, थांबा थांबा’ नाही. वरून खाली यायला काट्याला जेमतेम वीस सेकंद लागायचे.

आमच्याकडचा फुलांचा लिलाव नेमका याच्या उलटा. तिथे भाव चढतो. एक म्हणतो चाळीस, दुसरा बेचाळीस, तिसरा चव्वेचाळीस. माझे बाबा फुलांचे घाऊक व्यापारी. सकाळी लिलावात माल घ्यायचा आणि दिवसभर गाळ्यावर बसून विकायचा. लिलावात ते हाताची घडी घालून असे उभे राहतात, जणू फेरफटका मारायला आले आहेत. सगळे ओरडून ओरडून दमले, चेहरे पडले, की मग ते हळूच एक आकडा बोलतात आणि माल घेऊन जातात. तीस वर्षांत बाबा कधीही पहिले बोलले नाहीत, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! मी बारा वर्षांची असल्यापासून त्यांच्याशेजारी उभी राहून एकच गोष्ट शिकले होते. आकड्याकडे बघायचं नाही, माणसांच्या तोंडाकडे बघायचं.

बाबांचे गुडघे गेलेत. हा हंगाम संपला की गाळा सोडणार, हे वर्षभर ठरलेलं होतं. सोडणार कुणासाठी, हे मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं. एक मी, नाहीतर काकांचा मुलगा, म्हणजे माझा चुलतभाऊ. त्याला घरात सगळे दादा म्हणतात. दादा मनाने चांगला आहे, पण शिळं फूल ताज्यापासून ओळखायचं असेल तर त्याला देठावर लिहून द्यावं लागेल. गाळा मला हवा होता. इतका हवा होता की रात्री झोपेत मी भाव सांगत असे, असं आई म्हणायची. पण ते बाबांना तोंडाने मी कधी सांगितलं नाही. आमच्या घरात कुणी काही मागत नाही. मागितलं की हावरटपणा. समोरच्याने ओळखायचं आणि आपण होऊन द्यायचं, ही आमच्याकडची रीत.

म्हणून मी डोकं लढवलं होतं. या परक्या देशातला सहा महिन्यांचा व्यापाराचा अभ्यासक्रम. आठवड्याचे तीन दिवस वर्ग, बाकीचे दिवस एखाद्या पेढीवर प्रत्यक्ष काम. शेवटी परीक्षा. पास झालं तर खरेदीदाराचा बिल्ला मिळतो, नापास झालं तर नुसती हजेरीची चिठ्ठी. तो बिल्ला घेऊन घरी जायचं, बाबांच्या पुढ्यात ठेवायचा. मग मागायची गरजच नाही, ते आपण होऊनच गाळ्याच्या किल्ल्या काढून देतील. बाबांनी अर्धी फी भरली तेव्हाही एक अवाक्षर काढलं नव्हतं. मी त्याचा अर्थ मला हवा तसा लावला.

परीक्षा एकदाच. माझं परतीचं तिकीट रविवारचं होतं.

माझ्या मागच्या रांगेत बाई बसल्या होत्या. बाई म्हणजे मी ज्या पेढीवर काम शिकत होते तिच्या मालकीण आणि माझ्या परीक्षकही. पंचावन्नची उमर, बारीक कापलेले पांढरे केस, आणि बोलणं असं की प्रत्येक शब्दावर कर भरावा लागत असावा. लिलाव चालू असेपर्यंत त्यांनी माझ्याशी बोलायचं नाही, असा नियम. तसंही त्यांना ते जड जाणार नव्हतं.

माझ्या हातात कागद होता. एका मोठ्या हॉटेलची दर आठवड्याची ऑर्डर. पांढरे गुलाब, लांब दांडा, चाळीस बादल्या. सरासरी भाव बासष्टच्या वर जायला नको. आजच्या यादीत लांब दांड्याच्या पांढऱ्या गुलाबाचे तीन लॉट होते, प्रत्येकी वीस बादल्यांचे. म्हणजे तिनांपैकी दोन घ्यायचे. वर्गातल्या सरावाच्या यंत्रावर मी असली गणितं डाव्या हाताने सोडवली होती. सगळ्या वर्गात माझा पहिला नंबर होता, आणि मी तो घरी फोन करून दोनदा सांगितलाही होता.

पहिली गाडी आली. टपोरे, घट्ट कळ्यांचे गुलाब. काटा सुटला.

आणि मी मान वळवून शेजाऱ्याकडे बघितलं.

का बघितलं, हे मला तेव्हा कळलंसुद्धा नाही. माझ्या डावीकडे एक उंचच उंच मानेचा खरेदीदार बसायचा. मी मनातल्या मनात त्याला जिराफ म्हणत असे. त्याचा चेहरा मी वाचायला लागले. मग पुढच्या रांगेतल्या दोघांचे. कुणाला हवाय माल? कोण नुसता बसलाय? माझ्या अंगात बाबा उभे राहिले होते, हाताची घडी घालून. पण इथे कुणाच्याच चेहऱ्यावर काही नव्हतं. सगळे आपले तबकडीकडे टक लावून बसलेले. कुणीतरी आधी बोलेल, मग मी बोलेन, म्हणून मी थांबले. टक् असा आवाज झाला. काटा अठ्ठावन्नवर थांबला होता. माल जिराफाचा.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. अठ्ठावन्न! मी एकसष्टलाही डोळे मिटून घेतला असता. सरावाच्या यंत्रासमोर मी एकटी असायचे, तिथे वाचायला चेहराच नव्हता. इथे दोनशे माणसं होती आणि माझी मान आपोआप त्यांच्याकडे वळत होती. मागे बाईंनी खुर्चीत किंचित हालचाल केली. ती मला पाठीवर जाणवली.

आता उरलेले दोन्ही लॉट घ्यायलाच हवे होते. मी दोन्ही हात टेबलाच्या कडेला घट्ट धरले आणि स्वतःला बजावलं, बये, फक्त काट्याकडे बघ. मधल्या गाड्या जात राहिल्या. लाल गुलाब, पिवळे गुलाब, कसलीशी निळी फुलं. मी एकाकडेही बघितलं नाही.

दुसरा लॉट आला. काटा सुटला. नव्वद. पंच्याऐंशी. माझं बोट बटणावर. ऐंशी. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात जिराफाचं कोपर हललं. घेतला याने, हाही घेतला! मी बटण दाबलं.

काटा एकाहत्तरवर थांबला. जिराफ नाक पुसायला रुमाल काढत होता.

मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. एकाहत्तर म्हणजे हॉलमधल्या लहानातल्या लहान व्यापाऱ्यानेही हसावं असा भाव. पुढच्या रांगेतला एकजण खरंच वळून बघून हसला. मी कागदाच्या कडेला गणित मांडलं. वीस बादल्या एकाहत्तरला, तर बाकीच्या वीस त्रेपन्नला मिळाल्या तरच सरासरी बासष्ट. त्रेपन्न! लांब दांडा या महिन्यात अठ्ठावन्नच्या खाली एकदाही आला नव्हता.

तिसऱ्या लॉटला मी काट्याकडे बघितलं, फक्त काट्याकडे. पासष्ट. बासष्ट. आत्ता दाबलं तर माल मिळतो पण परीक्षा जाते. साठ. टक्. कुणीतरी घेतला. कुणी, तेही मी बघितलं नाही.

संपलं. आता रविवारी विमानतळावर बाबा घ्यायला येतील, मी हजेरीची चिठ्ठी काढून दाखवीन, आणि ते ‘बरं’ म्हणतील. त्यांचं ते ‘बरं’ मला ऐकू आलं, अगदी त्यांच्या आवाजात. राग आला मला. स्वतःचा, जिराफाच्या रुमालाचा, त्या हाताच्या घडीचा.

त्या रागातच मी यादी परत खालपर्यंत वाचली. सर्वांत शेवटी एक लॉट होता. पांढरे गुलाब, आखूड दांडा, वीस बादल्या. सकाळी शीतगृहात मी तो बघितला होता. फूल तेच, मळाही तोच, दांडा मात्र निम्मा. असल्या मालाला बडे खरेदीदार हात लावत नाहीत, आणि माझ्या कागदावर तर ‘लांब दांडा’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं.

पण मी एक गोष्ट बघितली होती. दोन महिन्यांपूर्वी मी आमच्या पेढीच्या गाडीवर माल पोचवायला त्या हॉटेलात गेले होते. मागच्या बाजूला सजावटीची खोली. तिथे चार बायका मोठाल्या कात्र्या घेऊन उभ्या होत्या आणि आमचे लांब दांड्याचे गुलाब वीतभर ठेवून कापत होत्या. जेवणाच्या टेबलांवरच्या बुटक्या वाडग्यांत लावायला. कापलेल्या दांड्यांनी कचऱ्याचे दोन डबे भरले होते.

कागदाबाहेर जाऊन माल घेतला आणि हॉटेलने परत केला, तर नुकसान बाईंचं. शिकाऊ मुलीने मालकिणीच्या ऑर्डरीत ढवळाढवळ केली, म्हणून मी नापास तर होणारच, वर नाचक्की. नाही घेतला तरी नापासच. मागे वळून बाईंचा चेहरा बघावा, अशी इतकी ओढ लागली की मान दुखायला लागली. मी वळले नाही.

गाडी आली. काटा सुटला. ऐंशी. सत्तर. हॉलमध्ये लोक उठायला लागले होते, खुर्च्या वाजत होत्या. साठ. अठ्ठावन्न. अजून थांबलं तर आणखी स्वस्त मिळेल, असं आतून कुणीतरी म्हणत होतं. तो आवाज मी ओळखत होते. पंचावन्न. चोपन्न. त्रेपन्न.

मी दाबलं. बावन्न.

हॉल रिकामा झाला. मग बाई पायरी उतरून माझ्या टेबलाशी आल्या, कागद उचलला, माझं गिरगटलेलं गणित वाचलं.

“आखूड दांडा,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“ऑर्डर वाचता येते ना तुला?”

“येते. पण हॉटेलवाले दांडे कापून टाकतात. वीतभरच ठेवतात. मी बघितलंय.”

बाईंनी खिशातून फोन काढून माझ्यासमोर धरला. “लाव. सजावटीच्या खोलीत. आत्ता, माझ्यासमोर. काय घेतलंयस ते सांग आणि चालेल का ते विचार. नाही म्हणाले तर तो माल तू विकायचास, फाटकाबाहेर उभं राहून.”

पलीकडे बऱ्याच वेळाने एका बाईने फोन उचलला. मी चाचरत सगळं सांगितलं. निम्म्या बादल्या आखूड दांड्याच्या आहेत, फूल तेच आहे, चालेल का. तिने मागे कुणालातरी ओरडून विचारलं. बाई माझ्याकडे बघत होत्या आणि मी जमिनीकडे.

“चालेल म्हणजे काय!” ती म्हणाली. “आमच्या मुलींचे हात वाचतील. अहो, इतके दिवस लांब कशाला पाठवत होता?”

फोन ठेवला आणि मी हसले. सकाळपासून पहिल्यांदा. बाई हसल्या नाहीत.

“हे तू कधी बघितलंस?”

“दोन महिने झाले.”

“दोन महिने,” बाई म्हणाल्या. “म्हणजे आठ आठवडे मी त्यांच्यासाठी महाग दांडा घेतेय आणि तू माझ्या शेजारी बसून ते बघतेयस. बोलली का नाहीस?”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

मी हे अगदी सहज म्हटलं. आमच्या घरात हे उत्तर चालतं. बाई मात्र माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मला माझेच शब्द पुन्हा ऐकू आले.

“मी काय विचारणार होते, मुली?” त्या म्हणाल्या. “मला ठाऊकच नव्हतं.”

त्यांनी माझ्या परीक्षेच्या कागदावर सही केली. सरासरी साडेएकसष्ट, पास. मग पेनाला टोपण लावत म्हणाल्या, “शेवटचा लॉट चांगला घेतलास, म्हणून बिल्ला देतेय. पण माझ्या पेढीवर नोकरी मागितली असतीस तर दिली नसती. मूग गिळून बसणारं माणूस मला परवडत नाही.”

बिल्ला पितळेचा होता, अंगठ्याच्या नखापेक्षा जरा मोठा. तो मुठीत धरून मी मागच्या आवारात आले. माल भरायच्या गाड्या ओळीने उभ्या होत्या. एका पालथ्या बादलीवर मी बसले. आनंद व्हायला हवा होता. मला फक्त भीती वाटत होती, आणि ती कशाची आहे हे कळायलाही वेळ लागला नाही. मी घरी फोन लावला.

“पास झाले, बाबा.”

“बरं,” बाबा म्हणाले. मग थोडं थांबून, “छान झालं.”

त्यांच्यामागे बाजाराचा गलका ऐकू येत होता. ते गाळ्यावर होते. रविवारपर्यंत थांबावं, समोरासमोर बिल्ला ठेवावा, ते आपण होऊन म्हणतील, असं अजूनही वाटत होतं. मी बिल्ला इतका दाबला की तो तळव्यात रुतला.

“बाबा, गाळा मला हवाय.”

पलीकडे काहीच नाही. बाबांच्या गप्प राहण्याचे सगळे प्रकार मला पाठ आहेत. हा त्यांतला नव्हता.

“अगं,” ते म्हणाले, “काल दिला.”

“कुणाला?”

“काका परवा आले. सरळ म्हणाले, माझ्या पोराला गाळा दे. मी एक रात्र विचार केला आणि काल शब्द दिला. तू कधी काही म्हणालीच नाहीस. मला वाटलं, परदेशी शिकायला गेली, आता कशाला ही इथे पाकळ्या झाडत बसेल.”

“तुम्ही विचारलंत का कधी?”

“मी काय विचारायचं? ज्याला हवं असतं तो…” बाबा मध्येच थांबले.

माझे डोळे भरून आले आणि त्याच वेळी मला त्यांची मान धरून गदागदा हलवावंसं वाटलं. बारा वर्षांची असल्यापासून त्यांच्याशेजारी उभी होते मी. आणखी कसं सांगायचं असतं? आणि सांगितलं तर नव्हतंच. काकांनी सांगितलं. माझ्या दोनच दिवस आधी.

“शब्द मोडू नका,” मी म्हटलं. आवाज फाटला, तरी थांबले नाही. “दादाला गाळा द्या. मी येऊन दुसरा घेणार आहे. भाड्याने. त्याच बाजारात.”

“दादाच्या समोर बसणार?”

“समोर मिळाला तर समोर.”

“घरातलीच दोन दुकानं? लोक तोंडात शेण घालतील.”

“घालू देत.”

आता ते फोन ठेवतील, असं मला वाटलं. ठेवला नाही. कुणीतरी गिऱ्हाईक भाव विचारत होतं आणि बाबा त्याला उत्तर देत नव्हते. नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता, जिना चढून आल्यासारखा.

“आणि मी?” बाबा म्हणाले. “मी कुठे बसू?”

“माझ्याकडे,” मी म्हटलं, त्यांचं वाक्य पुरतं संपायच्या आत. “खुर्ची तुमची, गल्ला माझा.”